डिजिटल पियानो निवडताना : टच आणि आवाज यांची तुलना कशी करावी

मुंबई, पुणे आणि गोव्यात ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या घरी आता बहुतेक वेळा डिजिटल पियानोच येतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अकूस्टिक, म्हणजे खऱ्या तारांच्या, पियानोला जागा नसते, रात्री शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत लाकूड, फेल्ट व तारा यांची निगा राखून वेळोवेळी ट्यूनरला बोलावणे हे खर्चाचे काम होऊन बसते. मात्र दुकानात ओळीने मांडलेली, ८८ पट्ट्यांची आणि किमतीनेही एकमेकांच्या जवळची चार-पाच वाद्ये पाहून ग्राहक गोंधळतो आणि विक्रेत्याने लावलेला डेमो ऐकून किंवा माहितीपत्रकातले आकडे वाचून निर्णय घेऊन टाकतो. डेमोच्या बटणातून वाद्याविषयी फारसे काही कळत नाही, कारण तो वाजत असताना पट्टीवर कोणाचेच बोट नसते.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. टच, म्हणजे पट्टी दाबताना बोटाला मिळणारा प्रतिसाद, आणि आवाज वेगवेगळे तपासावेत, आणि दोन्हींत ओढाताण झाली तर कौल टचच्या बाजूने द्यावा. आवाज पुढेमागे सुधारता येतो. चांगले हेडफोन घेता येतात, बाहेरचे स्पीकर जोडता येतात, लॅपटॉपवरच्या पियानोच्या सॉफ्टवेअरला हेच वाद्य यूएसबीने जोडून पूर्णपणे निराळा आवाज मिळवता येतो. पट्ट्यांखालची यंत्रणा मात्र आहे तीच राहते, आणि विद्यार्थ्याच्या बोटांना वळण लावते ते तीच.

पेटीवरून पियानोकडे वळणाऱ्यांना येथे थोडी अधिक सावधगिरी हवी. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यातून येतो, पट्टी किती जोरात दाबली यावर तो अवलंबून नसतो. त्यामुळे पेटीचा हात असलेला माणूस दुकानात उजव्या हाताने एखादी चाल एकाच जोरात वाजवतो, स्वर गोड वाटला की समाधान पावतो, आणि पियानोचा जो मुख्य गुण, म्हणजे बोटाच्या वेगानुसार बदलणारा स्वर, तो तपासायचाच राहून जातो.

जाण्यापूर्वीची तयारी

रविवारची संध्याकाळ टाळावी. शेजारी कोणी ड्रम वाजवून पाहत असताना पियानोचा विरत जाणारा स्वर ऐकू येणे शक्य नसते, म्हणून आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, दुकान उघडल्यावर लगेच जावे. स्वतःचे हेडफोन सोबत न्यावेत आणि सर्व वाद्यांसाठी तेच वापरावेत, कारण दुकानातल्या निरनिराळ्या हेडफोनांमुळे पडणारा फरक वाद्यांतल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. काही वाद्यांना ३.५ मिलिमीटरचा आणि काहींना ६.३५ मिलिमीटरचा जॅक लागतो. दोन्ही मापांना चालणारा अडॅप्टर खिशात असला की अडचण येत नाही.

वाजवण्यासाठी तोंडपाठ असलेले तीन छोटे तुकडे ठरवावेत : एक अतिशय संथ आणि हळुवार, एक जलद व एकाच स्वराची पुनरावृत्ती असलेला, आणि एक दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड (एकाच वेळी दाबलेले अनेक स्वर) वाजवण्याचा. अवघड रचना नेऊ नये, कारण मग सगळे लक्ष आपल्या चुकांकडे जाते. स्वतःला वाजवता येत नसेल आणि खरेदी मुलासाठी असेल तर शिक्षकांना सोबत येण्याची विनंती करावी. तेही जमत नसेल तर मुलालाच बसवावे, पण खालच्या तपासण्या स्वतः कराव्यात. त्यांतल्या बहुतेकांना पियानो येण्याची गरज नाही.

दुकानात वाद्य बऱ्याचदा काउंटरवर किंवा दुमजली रॅकवर ठेवलेले असते. अशा उंचीवर मनगट वाकडे होते आणि चांगली पट्टीही जड वाटते. पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटीमीटरवर असावा आणि बसल्यावर कोपर त्याच पातळीत यावे. त्यासाठी वाद्य स्टँडवर ठेवून देण्याची विनंती करण्यात संकोच करू नये.

वीज बंद ठेवून

पहिली तपासणी वाद्य बंद ठेवूनच करावी, कारण आवाज आला की कान हाताच्या निर्णयात ढवळाढवळ करतो. एक पट्टी अगदी सावकाश, बोटाचा भार हळूहळू वाढवत खाली न्यावी. हातोडीची यंत्रणा असलेल्या वाद्यात सुरुवातीला किंचित जडत्व जाणवते आणि मग पट्टी वजनाने खाली जाते. केवळ स्प्रिंगवर चालणाऱ्या कीबोर्डमध्ये उलट घडते, म्हणजे दाबत जाऊ तसतसा विरोध वाढत जातो. काही वाद्यांत तळाजवळ पोहोचताना एक बारीकसा अडथळा जाणवतो. ग्रँड पियानोत हातोडी तारेला लागण्याच्या बेतात असताना यंत्रणेतून सुटते, त्या क्षणाची ही नक्कल असते. तिला एस्केपमेंट म्हणतात आणि ती फक्त हळू दाबतानाच कळते. ती नसली म्हणून वाद्य वाया गेले असे नाही, पण अतिशय हळुवार वाजवताना बोटाला तिचा आधार वाटतो.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची असूनही सहसा कोणी करत नाही. पांढरी पट्टी आधी पुढच्या कडेला दाबावी आणि नंतर दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये, अगदी आत, दाबावी. पट्टी ज्या बिंदूवर झुलते तो आत खोलवर असेल तर दोन्ही ठिकाणी लागणाऱ्या जोरात फार फरक पडत नाही, आणि तो जवळ असेल तर आतल्या बाजूला पट्टी एकदम ताठ वाटते. तरफेचा हा साधा नियम असल्याने सडपातळ वाद्यांना त्यातून सुटका नाही. कॅसिओच्या पीएक्स-एस११००ची पुढून मागेपर्यंतची खोली अवघी २३२ मिलिमीटर आहे. ज्या वाद्याची संपूर्ण खोलीच एवढी, त्याच्या पट्टीला आत जायला जागा कितीशी मिळणार? यामाहाचा पी-२२५ साधारण २७२ आणि रोलँडचा एफपी-३०एक्स साधारण २८४ मिलिमीटर खोल आहे. नवशिक्याला सी मेजरमध्ये वाजवताना हा फरक कळत नाही, पण पुढच्या ग्रेडमध्ये काळ्या पट्ट्यांचे स्केल आले की अंगठा आणि करंगळी सतत आतच पडतात आणि तेव्हा तो रोज जाणवतो.

बंद वाद्यावरच आणखी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. पट्टी डावी-उजवीकडे किती हलते, सोडल्यावर झटकन वर येते की रेंगाळते, आणि तळाला आपटताना किती ठक्क असा आवाज करते? रात्री हेडफोन लावून सराव करणाऱ्याला स्वतःला हा आवाज ऐकू येत नाही, पण खालच्या मजल्यावरच्यांना तो स्टँडवाटे पोहोचतो. खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि तार सप्तकाकडच्या हलक्या असा चढउतार बहुतेक वाद्यांत केलेला असतो. दोन्ही टोकांना हात लावून तोही पाहावा.

बोटापासून स्वरापर्यंत

आता वाद्य चालू करावे, पण त्याआधी विक्रेत्याकडून ते मूळ सेटिंगवर आणून घ्यावे. आदल्या ग्राहकाने टच सेन्सिटिव्हिटी बदललेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यात फिक्स्ड हा पर्याय निवडलेला राहिला असेल तर पट्टी कशीही दाबली तरी स्वर एकाच जोराचा येतो. पेटीचा हात असलेल्याला यात काही बिघडले आहे असे वाटणारही नाही. लाइट, मीडियम, हेवी अशी सेटिंग असतात, त्यांनी पट्टीचे प्रत्यक्ष वजन बदलत नाही. किती वेगाला किती मोठा स्वर द्यायचा एवढेच बदलते. म्हणून पट्टी हाताला जड वाटत असेल तर हे सेटिंग करून ती हलकी होईल अशा आश्वासनावर विसंबू नये.

एकच स्वर, मधला सी, अगदी न ऐकू येण्याजोग्या हळूपणापासून पूर्ण जोरापर्यंत दहा-बारा पायऱ्यांत वाजवावा. स्वर केवळ मोठा होत जाणे पुरेसे नाही, तो उजळतही गेला पाहिजे, कारण खऱ्या पियानोत जोराचा आघात वरचे उपस्वर अधिक जागवतो. नमुने, म्हणजे खऱ्या पियानोचे मुद्रित स्वर, कमीजास्त जोराच्या थरांमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यात एका थरातून दुसऱ्या थरात जाताना कधी कधी मवाळ स्वर अचानक टणक होतो, आणि ती उडी एकदा कानाला सापडली की मग प्रत्येक वेळी खुपते. त्यानंतर हळुवार टोकाला थांबून एकच पट्टी सारख्याच हलकेपणाने पुन्हा पुन्हा वाजवावी. काही वेळा स्वर उमटलाच नाही किंवा मध्येच एखादा मोठा आला, तर दोष आपल्या बोटाचा आहे की वाद्याचा हे दुसऱ्या वाद्यावर तीच कृती करून ठरवावे. लॅपटॉप जवळ असेल आणि दुकानदाराची हरकत नसेल तर यूएसबी केबल लावून मिडीचे (वाद्य संगणकाला पाठवते त्या संदेशांचे) आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे प्रत्यक्ष पाहता येते. आघाताचा वेग १ ते १२७ या आकड्यांत नोंदला जातो, आणि आपल्याला सारखे वाटलेले दहा आघात ३० ते ३८ मध्ये पडतात की २० ते ६० मध्ये, हे समोर दिसते.

पुनरावृत्तीसाठी एक पट्टी वाजवून ती अर्धीच वर येऊ द्यावी आणि तेथूनच पुन्हा दाबावी. पट्टीची हालचाल टिपणारे दोनच सेन्सर असलेल्या यंत्रणेत पट्टी बरीच वर आल्याशिवाय दुसरा आघात नोंदला जात नाही. तीन सेन्सर असतील तर अर्ध्यावरूनही स्वर येतो आणि आधीचा स्वर मध्येच तुटत नाही. यामाहाच्या जुन्या पी-४५मधली जीएचएस यंत्रणा दोन सेन्सरची आहे, तर रोलँडची पीएचए-४ स्टँडर्ड तीन सेन्सरची.

हेडफोनवर आवाज

आवाजाची पहिली तुलना नेहमी हेडफोनवर करावी, म्हणजे दुकानाची खोली आणि वाद्याचे स्पीकर बाजूला राहतात. रिव्हर्ब, अँबियन्स, हॉल सिम्युलेटर अशा नावांनी जो घुमारा घातलेला असतो तो पूर्ण बंद करावा. घुमारा सर्व काही झाकतो आणि पहिल्या ऐकण्यात भुरळ घालतो. आवाजाची पातळीही दोन्ही वाद्यांवर सारखी करून घ्यावी, कारण एखाद-दोन डेसिबलने मोठे असलेले वाद्य कानाला आपोआप अधिक चांगले वाटते आणि आपण त्याला गुणवत्ता समजून बसतो.

खर्जातला एक स्वर मध्यम जोराने वाजवून पट्टी धरून ठेवावी आणि तो पूर्ण विरेपर्यंत ऐकावा. चांगल्या ग्रँड पियानोचा खर्ज अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ टिकतो आणि विरताना त्याचा रंग बदलत जातो. स्वस्त वाद्यात स्मृती वाचवण्यासाठी ध्वनिमुद्रणाचा एक छोटा भाग गोल गोल फिरवलेला असतो, त्यामुळे काही सेकंदांनंतर स्वर सपाट होतो किंवा त्यात एकसुरी थरथर ऐकू येते. मग शेजारशेजारच्या पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या, खालून वर सावकाश वाजवाव्यात. दोन शेजारी स्वरांच्या मध्ये रंग अचानक बदलला तर एकाच नमुन्याला ताणून अनेक पट्ट्यांवर पसरवले आहे असे समजावे.

अनुनादाची चाचणी थोडी निराळी आहे. मधल्या सप्तकातले सी, ई आणि जी आवाज न होऊ देता हळूच खाली दाबून धरावेत आणि डाव्या हाताने मधल्या सीच्या दोन सप्तके खालचा सी ठसक्यात वाजवून लगेच सोडावा. खर्ज थांबल्यावर मागे त्या तीन स्वरांचा मंद झंकार उरला पाहिजे. सतारीच्या तरफा (न छेडता झंकारणाऱ्या तारा) ज्या कारणाने वाजतात त्याच कारणाने हे घडते : खालच्या सीच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या उपस्वराशी त्या तारा जुळतात. डिजिटल वाद्याला तारा नसल्याने हा झंकार मुद्दाम गणिताने घडवावा लागतो, आणि त्यात निर्मात्याने किती कष्ट घेतले हे येथे पटकन कळते. सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकाला खऱ्या पियानोत डॅम्पर, म्हणजे तारेचा कंप थांबवणाऱ्या गाद्याच, नसतात, त्यामुळे तेथला स्वर पट्टी सोडल्यावरही थोडा वाजत राहतो. तेवढेही तपासून घ्यावे.

पॉलिफनीच्या, म्हणजे वाद्य एका वेळी किती स्वर वाजवू शकते याच्या, आकड्यावर मात्र जेवढा वाद होतो तेवढे त्यात काही नाही. पेडल दाबून खर्जाचा कॉर्ड वाजवावा आणि त्यावर उजव्या हाताने जलद स्वरांची सर ओढावी. खर्ज मध्येच गायब झाला तर आकडा अपुरा आहे. ६४ स्वरांच्या वाद्यात पेडल भरपूर वापरल्यास असे क्वचित घडू शकते. १९२ आणि २५६ यांतला फरक साध्या पियानो वादनात सापडणे कठीण.

पेडलची तुलना करताना बॉक्समधून येणारा छोटा चौकोनी फूटस्विच लावून करू नये. तो केवळ चालू आणि बंद एवढेच जाणतो आणि पायाखालून सरकतो. अर्धवट दाबलेली स्थितीही ओळखणारे पेडल त्या वाद्याला चालते का आणि त्याची वेगळी किंमत किती, हे विचारून ती रक्कम तुलनेत धरावी.

स्पीकर आणि खोली

हेडफोनवर मत बनल्यावरच स्पीकर ऐकावेत. अनेक वाद्यांचे स्पीकर खालच्या दिशेने तोंड केलेले असतात, त्यामुळे उघड्या स्टँडवर आणि लाकडी टेबलावर एकाच वाद्याचा आवाज निराळा येतो. घरी ते जसे ठेवणार तसेच दुकानात ठेवून ऐकावे. वाजवणाऱ्याने डोळे मिटून वाद्य बदलत नेणे अवघड असते, म्हणून येथे दुसऱ्याला वाजवायला बसवून आपण पाठ करून उभे राहावे आणि कोणते वाद्य चालू आहे हे न पाहता पसंती लिहावी. ब्रँडविषयी मनात धरलेले ग्रह यात चांगलेच उघडे पडतात.

घरी यूट्यूबवर पाहिलेल्या तुलना स्पीकरसाठी जवळपास निरुपयोगी असतात, कारण त्यांतले ध्वनिमुद्रण सहसा थेट केबलने केलेले असते. आवाजाच्या मूळ पोताविषयी त्यांतून थोडेफार कळते. टचविषयी काहीच नाही.

मॉडेलची घराणी

एकाच कंपनीच्या शेजारच्या मॉडेलांत पुष्कळदा यंत्रणा तीच असते आणि भोवतालचा सरंजाम बदलतो. रोलँडचा २०१९चा एफपी-१० आणि २०२१चा एफपी-३०एक्स या दोन्हींत पीएचए-४ स्टँडर्डच आहे. पहिल्याला ६ वॉटचे दोन स्पीकर आणि ९६ स्वरांची पॉलिफनी, दुसऱ्याला ११ वॉटचे दोन स्पीकर आणि २५६ स्वरांची. यामाहाने २०२३ मध्ये आणलेले पी-१४५ आणि पी-२२५ दोघेही जीएचसी यंत्रणा वापरतात, पण पी-२२५मध्ये सीएफएक्स या कॉन्सर्ट ग्रँडचे नमुने आहेत आणि पी-१४५मध्ये त्याआधीच्या सीएफ-३एसचे. म्हणून टचची तुलना घराण्याघराण्यांत करावी आणि आवाजाची त्याच घराण्याच्या आत. जो रोज हेडफोन लावूनच वाजवणार आहे त्याने मोठ्या स्पीकरसाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

माझ्या हाताला रोलँडची ही यंत्रणा रोलँड, यामाहा, कवाई आणि कॅसिओ या चारही घराण्यांत सर्वांत जड आणि भरीव लागते. मोठ्या विद्यार्थ्याला ती आवडते, लहान मुलाचे हात मात्र लवकर थकू शकतात. कवाईचा २०२२चा ईएस१२० टचला हलका आणि आवाजाला मऊ, गाण्याच्या साथीला शोभेल असा आहे; त्यातले नमुने शिगेरू कवाई एसके-ईएक्स या ग्रँडवरून घेतलेले आहेत. यामाहाचा स्वर उजळ आणि रेखीव असल्याने इतर वाद्यांच्या गर्दीतही वेगळा ऐकू येतो. पीएक्स-एस११०० सुमारे ११ किलोचा असल्याने क्लासला आणि कार्यक्रमाला घेऊन जाणाऱ्यांच्या सोयीचा आहे, फक्त पट्टी आतल्या बाजूला दाबून पाहण्याची ती चाचणी त्यावर नक्की करून पाहावी. शास्त्रीय किंवा सुगम गायनाच्या साथीसाठी वाद्य हवे असेल तर आणखी एक पाहावे : गायकाच्या स्वरानुसार वाद्याचा स्वर सरकवून पांढरी एकवरून काळी दोनवर जायला किती बटणे दाबावी लागतात. कमी बटणांच्या मॉडेलांवर हे काम पट्ट्यांच्या जोड्या दाबून किंवा मोबाइल अॅपमधून करावे लागते, आणि गायक समोर बसलेला असताना ते जमत नाही.

निर्णय आणि घरी आल्यावर

पहिल्या भेटीत पैसे देऊ नयेत. दोनच वाद्ये उरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे आणि प्रत्येकावर सलग वीस मिनिटे तरी बसावे, कारण हाताचा थकवा पाच मिनिटांत कळत नाही आणि पहिल्या दिवशी भावलेला उजळ स्वर दुसऱ्या दिवशी कर्कश वाटू शकतो. या वेळी लोगोवर रुमाल टाकून वाजवले तर आणखी बरे.

दुकानात वाजवलेला नग आणि घरी येणारा नग वेगळा असतो, म्हणून बॉक्स उघडल्यावर त्याच दिवशी तपासणी पुरी करावी. ८८ पट्ट्या एकेक करून एकदा हळू आणि एकदा जोरात वाजवाव्यात, शेजाऱ्यांपेक्षा वेगळी उठून दिसणारी, अडकणारी किंवा किरकिरणारी पट्टी असल्यास तिचा व्हिडिओ घ्यावा, पेडल आणि दोन्ही बाजूंचे स्पीकर पाहावेत, आणि बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत बॉक्स व थर्मोकोल फेकू नयेत. वाद्याच्या तळाशी असलेला अनुक्रमांक बिलावरच्या अनुक्रमांकाशी जुळतो हेही तेव्हाच पडताळून घ्यावे, कारण वॉरंटीसाठी पुढे तोच विचारला जातो.